मराठवाड्यातील वृक्षवासी व खडकवासी आमरी

झाडाच्या सालीवर किंवा खडकाच्या कपारीत मुळे रोवून वाढणाऱ्या आमरी (ऑर्किड) कुलातील वनस्पती. सह्याद्रीत त्यांच्या कितीतरी जाती आढळतात. वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिमी पावसाच्या मराठवाड्यात मोजक्याच तग धरतात. किनवट-माहूरकडची सागवनी जंगले, १९८६ मध्ये अभयारण्य झालेले गौताळ्याचे डोंगर आणि जुन्या आमराया हे त्यांना मानवणारे अधिवास आहेत.

कोरड्या रानातली सर्वांत चिवट जाती म्हणजे रास्ना (व्हँडा टेसेलाटा). विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. पाने जाड, खोलगट व टोकाला कुरतडल्यासारखी असतात. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत फुलांचे तुरे येतात: पिवळसर हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी, खाली निळसर जांभळा ओठ (इतरांहून वेगळी दिसणारी खालची पाकळी) आणि सुवास. इतक्या उन्हात ती जगते कशी, याचे उत्तर मुळांत आहे. लोंबत्या मुळांवर मृत पेशींचे थर असतात. कोरडे असताना ते रुपेरी दिसतात; सर पडली की पाणी शोषून पारदर्शक होतात आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. पानांवरची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी फारसे उडून जात नाही.

बांडगूळ यजमान झाडाचा रस शोषते. आमरी फक्त आधार घेते. तरीही बांडगूळ समजून ती आंब्यावरून ओरबाडली जाते, हे फार वाईट आहे. कारण नवे रोप सहज येत नाही. धुळीसारख्या बियांत अन्नसाठा नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात.

उघडा काळा पाषाण पावसाळा सरताच तापतो. त्यामुळे खडकावरची आमरी शेवाळ, पालापाचोळा आणि सावली असलेल्या कपारीतच टिकते.

आयुर्वेदात रास्ना या नावाने प्रांतागणिक वेगवेगळ्या वनस्पती वापरतात. त्यांत हिचीही मुळे येतात. मुळांसाठी ती काढली जाते, पण त्याहून मोठे नुकसान बांधावरची गावरान आंब्याची झाडे तोडल्याने होते. झाड पडलेच, तर त्यावरची रास्ना शेजारच्या खरबरीत सालीच्या झाडाला सुतळीने बांधावी. कुंडीतल्या काळ्या मातीत तिची मुळे कुजतात.