गुलामांची जोडी हाती आली तर : नो-लिमिट पोकर (हव्या तेवढ्या चिप्स एकदम लावता येणारा खेळ) स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातून चिप्सचा संच किंवा टेबल नेणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मंडळींसाठी हे पत्रक आहे. संच बक्षिसाच्या ढालीसाठी, हौसेसाठी वापरावा. पैसे लावून ऑनलाइन खेळवण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या कॅसिनोत जाणार असाल, तर तिथं २१ वर्षांखालच्यांना प्रवेश मिळत नाही.

आपल्याकडं पोकर शिकणारे बरेच जण तीन पत्तीतून येतात. तिथं हातातले तीन पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात, त्यामुळं गुलामांची जोडी सुरुवातीला जेवढी दमदार तेवढीच शेवटी. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात तुमच्या दोन पत्त्यांनंतर टेबलावर अजून पाच उघडायचे असतात, आणि ते सगळ्यांचे असतात. म्हणून ही जोडी पहिल्या क्षणाला सर्वांत महाग असते, पुढं तिचा भाव बहुतेक वेळा उतरत जातो. भाव आहे तोवर वसूल करायचा, उतरला की पत्ते टाकायचे.

फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावर आधी एकदम उघडणाऱ्या तीन पत्त्यांत राणी, राजा किंवा एक्का यांपैकी निदान एक तरी येण्याची शक्यता ५७ टक्के आहे. तिसरा गुलाम येण्याची जेमतेम १२ टक्के. समोर एकच जण कुठलेही पत्ते घेऊन असेल, तर गुलामांची जोडी शेवटपर्यंत ७७ टक्के वेळा जिंकते. चौघं असतील तर ४० च्या आसपास. हात तोच, फक्त माणसं वाढली. त्यामुळं फ्लॉपआधी नुसतं कॉल करून (लागलेल्या रकमेएवढंच टाकून) सगळ्यांना स्वस्तात आत घेणं ही सर्वांत महाग चूक.

आधी कुणी आत आलेलं नसेल तर बिग ब्लाइंडच्या (पत्ते वाटण्याआधी एकानं सक्तीनं टाकायच्या मोठ्या रकमेच्या) सव्वादोन ते अडीच पट रेझ, म्हणजे वाढवलेली रक्कम, पुरे. घरगुती स्पर्धेत मात्र दोघं-तिघं नुसतं कॉल करून बसलेलेच असतात. तेव्हा तीन बिग ब्लाइंड, आणि बसलेल्या प्रत्येकामागं एक ब्लाइंड जास्त. तिघं असतील तर सहा. तुमच्यापुढं १२ ब्लाइंड किंवा त्याहून कमी चिप्स उरल्या असतील तर मोजमाप करत बसू नका, सरळ ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम. ४० ब्लाइंडच्या वर असाल आणि सावध खेळणाऱ्यानं पहिल्या जागेवरून रेझ केली असेल, तर कॉल करून फ्लॉप बघणं बरं. त्याच्याकडं राण्यांची जोडी निघाली तर तुम्ही पाचातून एकदाच जिंकता. एक्का-राजा असला तर साधारण ५५-४५ तुमच्या बाजूनं.

आता खरा पेच. ब्लाइंड २००-४०० (लहान २००, बिग ४००), बिग ब्लाइंडवाल्यानं वर टाकायचा अँटी ४००, तुमच्याकडं १४,००० चिप्स. बदाम आणि चौकट गुलामावर तुम्ही ९०० केले, बिग ब्लाइंडनं कॉल केला, बाकीच्यांनी पत्ते टाकले. पॉट, म्हणजे मधला गल्ला, २,४००. फ्लॉप : इस्पिक दश्शी, इस्पिक नव्वी, किलवर चौकी. त्यानं चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढं दिली.

तुमची जोडी टेबलावरच्या सगळ्या पत्त्यांहून मोठी आहे. पण न दिसलेल्या ४७ पत्त्यांत ११ इस्पिक आहेत. शिवाय बिनइस्पिकच्या राण्या, राजे, अठ्ठ्या आणि सत्त्या प्रत्येकी ३. असे निदान २३ पत्ते कुणाचा तरी फ्लश (एकाच रंगाचे पाच) किंवा स्ट्रेट (ओळीनं पाच) पुरा करू शकतात. म्हणजे पुढचा जवळजवळ निम्मा गठ्ठा धोक्याचा! इथं चेक करणं म्हणजे त्याला पुढचा पत्ता फुकट दाखवणं.

इस्पिकच्या दोन पत्त्यांवर बसलेल्याला पुढच्याच पत्त्यावर फ्लश लागण्याची शक्यता १९ टक्के. तुम्ही पॉटच्या एक-तृतीयांश लावलेत तर त्याला कॉल परवडायला २० टक्के वेळा जिंकावं लागतं, म्हणजे जवळपास बरोबरी. दोन-तृतीयांश लावलेत तर २९ टक्के लागतात आणि त्याचा सौदा तोट्याचा होतो. म्हणून १,६०० लावा. ऑल-इन करू नका : १३,१०० समोर ढकलले की कमकुवत पत्ते सगळे पळतात आणि कॉल करणाऱ्याकडं बऱ्याचदा दोन जोड्या किंवा तीन दश्श्या असतात.

कॉल आला, पॉट ५,६०० झाला, तुमच्याकडं ११,५०० उरले. चौथा पत्ता बदाम दुर्री पडली तर पुन्हा ३,७०० च्या आसपास लावा, कारण फ्लशवाला अजून रिकामाच आहे. इस्पिक किंवा राणी पडली तर चेक करून पुढचा पत्ता बघा. नंतर त्याच्याकडून मोठी रक्कम आली की पत्ते टाका. हातातल्या गुलामांपैकी एक इस्पिकचा असता, तर थोडं अजून थांबायला हरकत नव्हती.

इथंच लोक चुकतात. पाचवा पत्ता चौथा इस्पिक निघाला, तरी ‘एवढे घातलेत, आता कुठं सोडायचं’ म्हणून कॉल करतात. घातलेल्या चिप्स पॉटच्या झाल्या. आता फक्त पुढच्या कॉलचा भाव बघायचा.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर हे गणित आणखी कडक होतं. तिघांना ढाली असतील आणि चौघं उरले असतील, तर गेलेल्या चिप्सची किंमत मिळालेल्या तेवढ्याच चिप्सहून जास्त असते. कुणाकडं तीनच ब्लाइंड शिल्लक असताना, तुमच्याहून जास्त चिप्स असलेल्यानं ऑल-इन केलं, तर तुम्ही मधल्या ढिगाचे असाल तेव्हा गुलामांची जोडीसुद्धा टाकणं बरोबर ठरू शकतं. तोच ऑल-इन त्या तीन ब्लाइंडवाल्यानं केला, तर बिनधास्त कॉल करा.