हसिदी रेब्बेंच्या वापरातील वस्तू व वस्त्रे

हसिदी पंथाच्या धर्मगुरूंनी, म्हणजे रेब्बेंनी, अंगावर घातलेली किंवा रोज हाताळलेली आणि त्यांच्यामागे वंशजांनी, अनुयायांनी अथवा संग्रहालयांनी जपलेली वस्त्रे, प्रार्थनेची साधने व घरगुती वस्तू. अठराव्या शतकात आजच्या युक्रेनच्या प्रदेशात बाल शेम टोव्ह यांनी सुरू केलेल्या या यहुदी पंथात रेब्बेचे खाणे, बसणे, झोपणेही ईश्वरसेवा मानतात. प्रत्येक जड वस्तूत दैवी ठिणग्या अडकलेल्या असतात आणि सत्पुरुषाने ती वापरली की त्या मुक्त होतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्याच्या पेल्याकडे किंवा कमरपट्ट्याकडे अनुयायी नुसती आठवण म्हणून पाहत नाहीत.

मृतदेहापासून कोणताही लाभ घेणे यहुदी धर्मशास्त्राला मंजूर नाही. त्यामुळे संतांच्या अस्थी जपण्याची ख्रिस्ती परंपरेसारखी प्रथा येथे रुजली नाही आणि सगळे महत्त्व वस्तूंकडे आले. त्यातही तल्लित, म्हणजे प्रार्थनेची शाल, बहुधा पुरुषाबरोबरच पुरली जाते. एखाद्या रेब्बेची तल्लित मागे उरलेली दिसली, तर त्यांच्याकडे दुसरीही होती असे समजावे.

जपलेल्या वस्तूंत रेशमी लांब अंगरखे, प्रार्थनेच्या वेळी बांधायचा गार्टेल हा पट्टा, फरची टोपी, तल्लितच्या गळ्याशी शिवलेली जरीची पट्टी, हातातली काठी असे बरेच काही असते. रेब्बेने आशीर्वाद देऊन दिलेली नाणी वितळवून भक्त शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतिदिनाच्या, द्राक्षारसाचा चांदीचा पेला घडवून घेत. रुझिनचे रेब्बे इस्रायल फ्रीडमन (१७९६–१८५०) राजेशाही थाटासाठी प्रसिद्ध होते. पण त्यांच्या सोनेरी बुटांना तळवेच नव्हते आणि बर्फातही ते अनवाणीच चालत, असे परंपरा सांगते.

सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण ब्रेस्लोवचे रेब्बे नाखमान (१७७२–१८१०) यांच्या खुर्चीचे. टेप्लिक गावच्या एका शोखेटने, म्हणजे धर्मविधीप्रमाणे जनावर कापणाऱ्याने, १८०८ मध्ये ती स्वतः कोरून त्यांना भेट दिली. तो सहा महिने रोज तासभर त्यावर काम करीत होता. हे कळल्यावर, इतके दिवस रोज एक तास तू माझा विचार करीत होतास, असे रेब्बे म्हणाल्याची आठवण अनुयायी सांगतात. पुढे युक्रेनमधील हिंसाचारात ती वाचवण्यासाठी तिचे तुकडे करावे लागले. १९३६ मध्ये ते जेरुसलेमला पोहोचले, नंतर पुन्हा जोडले गेले, आणि आज ती मेआ शेआरीम भागातील ब्रेस्लोव सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, आहे.

दुसऱ्या महायुद्धातील संहारात पूर्व युरोपातले रेब्बेंचे बहुतेक दरबार, म्हणजे त्यांची घराणी व अनुयायी, नष्ट झाले. निसटून आलेल्यांनी सोबत आणले तेवढेच उरले, म्हणून मालकीचा प्रश्न नाजूक ठरतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील खबाद या हसिदी शाखेच्या ग्रंथालयात बाल शेम टोव्ह यांचे प्रार्थनापुस्तक आहे. याच ग्रंथालयातील पुस्तकांवर खबादच्या सहाव्या रेब्बेंच्या नातवाने वारसाहक्क सांगितला होता. १९८७ मध्ये न्यायालयाने ती कुटुंबाची नसून समाजाची असल्याचा निकाल दिला.

जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयाने २०१२ मध्ये हसिदी जीवनावर मोठे प्रदर्शन भरवले. संग्रहालयांत अशा वस्तू काचेआड ठेवल्या जातात. घराण्यांत मात्र त्या अजून वापरात आहेत: लग्नाच्या दिवशी नवरदेव पणजोबांचा गार्टेल कमरेला बांधतो आणि विधी आटोपला की तो पुन्हा पेटीत जातो.