निवडणूक याचिका

निवडणूक याचिका : निवडून आल्याचे जाहीर झालेल्या उमेदवाराची निवड रद्द ठरवावी आणि मागणी असल्यास त्याच्या जागी दुसऱ्याला विजयी घोषित करावे, यासाठी कायद्याने नेमून दिलेल्या न्यायासनापुढे करायचा अर्ज. कायद्याच्या सरकारी मराठीत यालाच ‘निवडणूक विनंतीअर्ज’ म्हणतात. वृत्तपत्रे आणि वकीलवर्ग ‘याचिका’च म्हणतात, येथेही तोच शब्द घेतला आहे. मात्र ही संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका, म्हणजे उच्च न्यायालयाने शासनाला वा अधिकाऱ्याला आदेश द्यावा म्हणून केलेला अर्ज, नव्हे. हा भेद केवळ नावापुरता नाही. निकालाविरुद्ध केलेली कितीतरी प्रकरणे या एका भेदावर उंबरठ्यावरूनच परत गेली आहेत.

उगम : या संस्थेचे मूळ कोठे मानायचे, यावर एकमत नाही. काही अभ्यासक ते इंग्लंडमधील १६०४ च्या बकिंगहॅमशर प्रकरणापर्यंत नेतात. तेथे गुडविन आणि फोर्टेस्क्यू यांच्यापैकी निवडून कोण आले, हे ठरवण्याचा अधिकार चान्सरी न्यायालयाचा की कॉमन्स सभागृहाचा, असा वाद झाला होता. त्या वादानंतर हा अधिकार सभागृहाकडे गेला आणि साहजिकच तो पक्षीय बहुमताच्या हाती पडला. १७७० च्या ग्रेनव्हिल कायद्याने त्यावर उपाय शोधला. सभासदांपैकी ४९ नावे चिठ्ठ्या टाकून काढायची, मग दोन्ही पक्षांनी आळीपाळीने एकेक नाव खोडत १३ वर आणायचे आणि प्रत्येक पक्षाने आपला एकेक माणूस घालून १५ जणांची समिती करायची, अशी ही पद्धत होती. दोन्ही बाजू समोरच्याला उपयोगी पडेल असा हुशार सभासद आधी खोडत. त्यामुळे ‘समितीचा मेंदू काढून टाकणे’ अशी थट्टा त्या काळी रूढ झाली होती. अखेर १८६८ च्या कायद्याने हे काम न्यायाधीशांकडे सोपवले. असल्या राजकीय भांडणात न्यायासनाला ओढू नये, असा निषेध मुख्य न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी त्या वेळी नोंदवला होता.

भारतीय याचिकेचे मूळ १६०४ पेक्षा १८६८ मध्ये मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्जदार, प्रतिवादी, भ्रष्ट प्रथांची (लाच, दडपण अशा निषिद्ध प्रकारांची) यादी, अनामत रक्कम ही सगळी मांडणी तिथली आहे. मधला दुवा म्हणजे १९१९ च्या सुधारणांनंतरचे निवडणूक नियम आणि १९२० चा निवडणूक अपराध व चौकशी कायदा. त्या व्यवस्थेत आयुक्तांनी चौकशी करून गव्हर्नरांना अहवाल द्यायचा असे. म्हणजे इंग्लंडमध्ये न्यायाधीशाला दिलेले काम इथे पुन्हा शासनाच्या छत्राखाली आले होते. स्वातंत्र्यानंतरही १९६६ पर्यंत याचिका निवडणूक आयोगाकडे सादर होत आणि आयोगाने नेमलेल्या न्यायाधिकरणांपुढे चालत. १९५६ च्या दुरुस्तीने त्यांच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील देण्यात आले. आयोगाच्याच शिफारशीवरून १९६६ मध्ये १९ व्या घटनादुरुस्तीने न्यायाधिकरणे संपली. तेव्हापासून मूळ याचिकाच उच्च न्यायालयात चालते आणि अपील थेट सर्वोच्च न्यायालयात होते.

न्यायाधिकरणांच्या काळातील एक याचिका महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघात राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १,२३,५७६, तर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते मिळाली. आंबेडकर आणि सर्वसाधारण जागेवरील समाजवादी उमेदवार अशोक मेहता यांनी संयुक्त याचिका केली. मोजणीतून बाद झालेली ७४,३३३ मते हा तिचा एक आधार होता. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते असत, पण ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. दोन्ही एकालाच दिली तर एक बाद. मतदारांनी एक मत मुद्दाम वाया घालवावे असा प्रचार झाल्याचा याचिकाकर्त्यांचा आरोप होता. बाद मतांचा आकडा पराभवाच्या १४,५६१ मतांच्या फरकाच्या पाचपट होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तक्रारीचे वजन कळते.

घटनात्मक आधार : अनुच्छेद ३२९ (ख) नुसार संसदेची वा राज्य विधानमंडळाची निवडणूक निवडणूक याचिकेखेरीज अन्य मार्गाने प्रश्नास्पद करता येत नाही. नामक्कलच्या एन. पी. पोन्नुस्वामी यांचे नामनिर्देशनपत्र फेटाळले गेले आणि ते रिट घेऊन न्यायालयात गेले, तेव्हा जानेवारी १९५२ मध्ये, म्हणजे पहिली निवडणूक अजून चालू असताना, सर्वोच्च न्यायालयाने ‘निवडणूक’ शब्दाचा अर्थ अधिसूचनेपासून निकालापर्यंतची संपूर्ण प्रक्रिया असा लावला. मध्येच काही बिघडले तरी न्यायालयात जायचे ते निकालानंतर, आणि एकाच दाराने. १९८२ च्या ज्योती बसू प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की निवडणुकीला आव्हान देण्याचा हक्क मूलभूत नाही आणि समन्यायाचाही (इक्विटीचाही) नाही. कायदा देईल तेवढाच तो आहे.

कार्यपद्धती : लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील सहावा भाग (कलम ७९ ते १२२) याविषयी आहे. त्या मतदारसंघातील कोणताही उमेदवार किंवा मतदार निकालापासून ४५ दिवसांत याचिका करू शकतो. मुदत उलटली तर उशीर माफ करण्याची सोय नाही. मुदत कायद्याचे कलम ५ येथे लागू होत नाही, हे १९७४ मध्ये ठरले. सोबत २,००० रुपये अनामत भरायची. जितके प्रतिवादी तितक्या प्रती जोडायच्या आणि प्रत्येक प्रतीवर ती खरी असल्याबद्दल याचिकाकर्त्याने स्वतः सही करायची. भ्रष्ट प्रथेचा आरोप असेल तर नमुना २५ मधील शपथपत्र निराळे.

या सह्या आणि प्रती म्हणजे बाहेरच्याला कारकुनी वाटावी अशी बाब, पण याचिकांचे भवितव्य अनेकदा इथेच ठरते. कलम ८१, ८२ किंवा ११७ चे पालन झाले नसेल तर कलम ८६ प्रमाणे याचिका फेटाळण्यावाचून न्यायालयाला पर्याय उरत नाही. ही सक्ती किती कडक मानायची, यावर निवाड्यांचे दोन प्रवाह दिसतात. १९६४ च्या सुब्बाराव प्रकरणात ‘भरीव पालन’ पुरे मानले होते. १९७४ च्या सत्यनारायण प्रकरणात प्रती वेळेत न दिल्याने याचिका गेली. १९९९ च्या टी. एम. जेकब प्रकरणात घटनापीठ पुन्हा भरीव पालनाकडे झुकले आणि २०१३ मध्ये नमुना २५ मधील दोषही मारक नाही असे ठरले. एकंदर कल सैलपणाकडे आहे, असे म्हणता येईल. ‘महत्त्वाची तथ्ये’ थोडक्यात पण नेमकी मांडण्याच्या बाबतीत (कलम ८३) मात्र न्यायालये सैल झालेली नाहीत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर ४,५२,६४४ विरुद्ध ४,५२,५९६ अशा केवळ ४८ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार अमोल कीर्तिकर यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तथ्यांची मांडणी अपुरी म्हणून साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच फेटाळली. त्या याचिकेत टेंडर व्होटचा, म्हणजे प्रदत्त मतांचा मुद्दा होता. आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेल्याचे मतदाराला केंद्रावर कळले, तर त्याला वेगळी मतपत्रिका मिळते. ती पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही.

कारणे : कलम १०० मधील कारणे दोन जातींची आहेत. अपात्रता, भ्रष्ट प्रथा आणि नामनिर्देशनपत्र चुकीने फेटाळणे ही सिद्ध झाली की निवड गेली. बाकीच्यांत, म्हणजे पत्र चुकीने स्वीकारणे, मते चुकीने घेणे वा नाकारणे, नियमभंग यांत, ‘निकालावर भौतिक परिणाम झाला’, म्हणजे त्यामुळेच निकाल बदलला, हे दाखवावे लागते. ही अट दिसते त्याहून जड आहे. १९५४ च्या वशिष्ठ नारायण शर्मा प्रकरणात विजयी उमेदवाराची आघाडी १,८७२ मतांची होती आणि ज्याचे पत्र चुकीने स्वीकारले गेले त्याला १,९८३ मते पडली होती. तरीही ती मते दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारालाच गेली असती हे सिद्ध झाले नाही म्हणून निवड टिकली. गुप्त मतदानात असे सिद्ध करायचे तरी कसे, याचे समाधानकारक उत्तर निवाड्यात सापडत नाही.

फेरमोजणीसाठी मतपत्रिका उघडण्याचा आदेशही सहजी मिळत नाही. मतांची गुप्तता मोलाची असून केवळ संशयावरून ती मोडता येणार नाही, हे रामसेवक यादव प्रकरणापासून (१९६४) स्थिर आहे. मतदान यंत्रे आल्यावर वाद नमुना १७ग मधील मतदानाचा हिशेब आणि यंत्रातील आकडा यांच्या तफावतीकडे वळला. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. यंत्रांत उमेदवारांची चिन्हे भरण्याची उपकरणे निवडणुकीच्या निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवायची आहेत. हा कालावधी याचिकेच्या मुदतीशी जुळतो.

भ्रष्ट प्रथा आणि ‘उमेदवार’ शब्दाचा वाद : लाचलुचपत, अनुचित दडपण, धर्म-जातीच्या नावाने आवाहन, खोटी बदनामी, सरकारी नोकरांचे साहाय्य इ. प्रथा कलम १२३ मध्ये आहेत. त्या सिद्ध करायच्या त्या जवळजवळ फौजदारी खटल्याच्या कसोटीने. १९७२ च्या मुंबईतील एका विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या झियाउद्दीन बुखारी प्रकरणात पोलिसांनी ध्वनिमुद्रित केलेली भाषणे पुराव्यात आली. टेप केव्हा ग्राह्य धरायची याच्या अटी त्या निवाड्याने (१९७५) घालून दिल्या.

सर्वांत गाजलेला खटला अर्थात रायबरेलीचा. १९७१ मध्ये इंदिरा गांधी लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया झाल्याची हवा उठली होती. त्यांचे पराभूत प्रतिस्पर्धी राजनारायण यांनी याचिकेत आधी तीही मांडून पाहिली. ती टिकली नाही. टिकले ते दोन रुक्ष मुद्दे : उत्तर प्रदेशातील अधिकाऱ्यांनी सभांचे व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपकांची वीज यांची सोय केली आणि पंतप्रधान सचिवालयातील अधिकारी यशपाल कपूर यांनी सरकारी नोकरीत असताना प्रचारात साहाय्य केले. दुसरा मुद्दा एका व्याख्येवर उभा होता. उमेदवारी केव्हा सुरू होते? इंदिरा गांधींच्या मते १ फेब्रुवारी १९७१ ला, अर्ज भरला तेव्हा. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ती २९ डिसेंबर १९७० पासून धरली. त्या दिवशी पत्रकारांशी बोलताना इंदिरा गांधींनी मतदारसंघ बदलणार नसल्याचे सांगितले होते. कपूर यांचा राजीनामा जानेवारीतला. त्यामुळे सगळे या महिन्याभरावर आले आणि १२ जून १९७५ रोजी निवड रद्द झाली. पुढची आणीबाणी सर्वज्ञात आहे. विधीच्या अभ्यासकाला अधिक लक्षणीय वाटते ती १९७५ ची पूर्वलक्षी दुरुस्ती : रीतसर नामनिर्देशन झालेला तोच उमेदवार. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी ३९ व्या घटनादुरुस्तीतील, पंतप्रधानांची निवड न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारा अनुच्छेद ३२९क (४) रद्द केला (पाच न्यायमूर्तींत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते), परंतु बदललेल्या कायद्याच्या आधारे निवड वैध ठरवली. ती व्याख्या आजही तशीच आहे. परिणामी अर्ज भरण्यापूर्वीचे वर्तन भ्रष्ट प्रथा म्हणून मांडता येत नाही. मोहन रावले यांच्या प्रकरणात (१९९४) हे स्पष्ट झाले.

धर्माच्या नावाने आवाहन या कलमाचा अर्थ मुख्यतः मुंबईच्या खटल्यांतून घडला. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रभाकर कुंटे यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. प्रचारसभांतील भाषणांमुळे बाळ ठाकरे यांचे नाव कलम ९९ खाली (भ्रष्ट प्रथेत दोषी ठरलेली व्यक्ती म्हणून) आले व पुढे त्यांचा मताधिकार सहा वर्षे गेला. त्याच दिवशी मनोहर जोशी यांची १९९० ची निवड मात्र वाचली. तोपर्यंत ते मुख्यमंत्री झाले होते. या कलमातील ‘त्याचा धर्म’ म्हणजे कोणाचा, उमेदवाराचा की मतदाराचाही, हा प्रश्न अभिराम सिंग प्रकरणात सात न्यायमूर्तींनी २ जानेवारी २०१७ रोजी ४ विरुद्ध ३ ने सोडवला : दोघांचाही. ज्या निवडणुकीवरून हा वाद निघाला, ती सांताक्रूझची निवडणूक १९९० ची होती. याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कलम ८६ (७) म्हणते.

न्यायालयाबाहेरचे वाद : निकालाविषयीचा सार्वजनिक संशय याचिकेच्या चौकटीत नेहमी बसत नाही. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी (माळशिरस मतदारसंघ) येथे नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत गावातून राम सातपुते यांना १,००३ आणि उत्तम जानकर यांना ८४३ मते पडल्याचे निघाले. गावकऱ्यांच्या एका गटाला हे पटेना. त्यांनी ३ डिसेंबरला स्वखर्चाने मतपत्रिकेवर ‘फेरमतदान’ घेण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावल्यावर ते थांबले. विशेष असे, की मतदारसंघात जानकरच निवडून आले होते, त्यामुळे याचिकेला प्रसंगच नव्हता. अशा मतदानाला कायद्यात नाव नाही.

इतर निवडणुका : राष्ट्रपती व उपराष्ट्रपती यांच्या निवडीचा वाद अनुच्छेद ७१ नुसार थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. १९६९ च्या निवडीविरुद्धच्या याचिकेत व्ही. व्ही. गिरी पदावर असताना स्वतः साक्षीला उभे राहिले होते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवड १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांपुढे, तर मुंबई महानगरपालिकेची १० दिवसांत लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे आव्हानित करता येते. हरियाणातील पानिपत जिल्ह्याच्या बुआना लाखू ग्रामपंचायतीत २ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या सरपंचपदाच्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी गावची मतदान यंत्रे दिल्लीला न्यायालयाच्या आवारात आणून दोन्ही पक्षांसमक्ष मोजण्यात आली. एकूण ३,७६७ मतांपैकी हरलेल्या उमेदवाराची १,०५१ आणि विजयी घोषित झालेल्याची १,००० भरली.