ओळखीचा शब्द आणि आठवणारा शब्द

अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीच्या एसएटीसारख्या परीक्षेची तयारी करणारे बरेच विद्यार्थी इंग्रजी शब्दांची यादी समोर ठेवून डावीकडचा शब्द आणि उजवीकडचा अर्थ वाचत जातात. तिसऱ्या-चौथ्या वाचनात सगळेच शब्द ओळखीचे वाटू लागतात आणि यादी 'झाली' असं समाधान मिळतं. फसगत होते ती इथेच. शब्द आणि अर्थ दोन्ही डोळ्यांसमोर असताना मेंदूला काही शोधावंच लागत नाही. परीक्षेत मात्र अर्थ आतून काढावा लागतो, तोही पटकन: एसएटीच्या इंग्रजी विभागात 64 मिनिटांत 54 प्रश्न असतात, म्हणजे उतारा वाचून उत्तर देईपर्यंत प्रत्येक प्रश्नाला जेमतेम 71 सेकंद.

जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. विद्यार्थ्यांना 40 स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एखादा शब्द एकदा बरोबर आठवला, की काहींना तो पुन्हा पुन्हा वाचायला दिला पण विचारला नाही; काहींना तो विचारतच राहिले. आठवड्यानंतर विचारल्या गेलेल्यांना सुमारे 80 टक्के शब्द आठवले, नुसतं वाचलेल्यांना साधारण एक तृतीयांश. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचंच. आपल्याला किती आठवेल, याचा अंदाज आधी विचारला होता आणि सगळ्या गटांचे अंदाज जवळपास सारखेच होते. आपली तयारी किती पक्की आहे, हे आतून कळत नाही. ते विचारून पाहावं लागतं.

म्हणून यादीऐवजी कार्ड करावीत, आणि कार्डाच्या पुढच्या बाजूला नुसता शब्द न लिहिता गाळलेल्या जागेचं वाक्य लिहावं. 'मिटिगेट' हा शब्द घ्या. पुढे रोमन लिपीत 'ट्रीज कॅन म... द इफेक्ट्स ऑफ हीट' असं वाक्य, पहिलं अक्षर तेवढं दिलेलं. मागे शब्द, 'तीव्रता कमी करणे' हा अर्थ, तो क्रियापद असल्याची नोंद आणि त्याच्यासोबत नेहमी येणारी नामं: रिस्क, डॅमेज, इफेक्ट्स. उत्तर तोंडाने म्हणायचं किंवा लिहायचं, मगच कार्ड उलटायचं. आधी उलटून 'हो, हेच मनात होतं' म्हणणं म्हणजे पुन्हा वाचनच.

शब्दाची छटा चांगली, वाईट की तटस्थ, हे दाखवणारं अधिक, उणे किंवा शून्य असं चिन्हही कार्डाच्या कोपऱ्यात करावं. 'थ्रिफ्टी' आणि 'स्टिंजी' दोघेही पैसे जपणारे. पण पहिला काटकसरी, दुसरा कंजूष. पर्यायांमध्ये असे दोन शब्द शेजारी आले, की शब्दकोशातल्या अर्थापेक्षा ही छटाच उत्तर ठरवते.

कोणते शब्द निवडायचे, हा प्रश्न जुन्या याद्यांमुळे अवघड होतो. एसएटीतून शब्दसाम्याचे (दोन शब्दांमधलं नातं ओळखून तशीच दुसरी जोडी शोधण्याचे) प्रश्न 2005 मध्ये गेले आणि स्वतंत्र वाक्यपूर्तीचे 2016 मध्ये. आता 25 ते 150 शब्दांचा उतारा येतो आणि त्या संदर्भात शब्द बसतो का, हे पाहिलं जातं. त्यामुळे दुर्मीळ शब्दांइतकेच ओळखीचे शब्दही दगा देतात. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणे हे सगळ्यांना माहीत असतं. पण लेखिका आपलं विधान 'क्वालिफाय' करते तेव्हा ती त्याला मर्यादा घालत असते. 'चॅम्पियन' क्रियापद म्हणून आला तर हिरिरीने पुरस्कार करणे, 'टेंपर' म्हणजे सौम्य करणे, 'अरेस्ट' म्हणजे वाढ रोखणे. अशा शब्दांचं दुसऱ्या अर्थासाठी वेगळं कार्ड हवं. धातू आणि उपसर्ग शिकण्याचा फायदा होतो, पण त्यांच्यावर आंधळा भरवसा नको: 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे मोल नसलेलं नव्हे, अतिशय मोलाचं.

आता वेळापत्रक. रोज 10 नवे शब्द घेतले आणि प्रत्येकाची उजळणी 1, 3, 7, 16 आणि 35 दिवसांनी केली, तर पाच आठवड्यांनंतर रोजचा भार 10 नवे आणि 50 जुने असा स्थिरावतो. एका जुन्या कार्डाला 8 सेकंद धरले तर उजळणी सात मिनिटांत होते. तेच रोज 30 शब्द घेतले तर दीडशे कार्डं साचतात, दोन दिवस चुकले की ढीग वाढतो आणि सगळंच बंद पडतं. उजळणीतलं अंतर वाढवत नेण्याचं कारण असं, की आठवण किंचित धूसर झालेली असताना ती ओढून काढली, तर जास्त घट्ट बसते. ती पूर्ण पुसली जाण्याआधी मात्र गाठायला हवी. म्हणून चुकलेलं कार्ड दुसऱ्या दिवशीच पुन्हा घ्यायचं. परीक्षेला तीन आठवडे राहिले की नवे शब्द थांबवावेत. त्यानंतर घेतलेल्या शब्दाच्या पुरेशा फेऱ्या होत नाहीत.

चार वेळा चुकलेलं कार्ड पाचव्यांदा घोकू नये. ते का चुकतंय, ते शोधावं. बहुतेकदा त्याच्यासारखा दिसणारा दुसरा शब्द आड येत असतो: 'इन्जीनियस' म्हणजे कल्पक आणि 'इन्जेन्युअस' म्हणजे निष्कपट. मिळतेजुळते शब्द एकाच दिवशी शिकले, तर ते एकमेकांत मिसळतात. समानार्थी शब्दांचे गट एका बैठकीत पाठ करण्यातला धोकाही हाच. असे जुळे एकमेकांपासून निदान दोन आठवडे दूर ठेवावेत. दोन्ही आपापल्या जागी पक्के झाले, की मग एकाच कार्डावर दोन वाक्यं आणि दोन रिकाम्या जागा लिहून त्यांना समोरासमोर आणावं.