डोकेदुखीचं खापर सल्फाइटवर नको

गोव्यात पार्टी आटोपली की हमखास कानावर येतं: स्वस्त व्हाइट वाइनमध्ये सल्फाइट (वाइन टिकावी म्हणून घालतात ते रसायन) असतं, त्याने डोकं दुखतं, नैसर्गिक वाइन घ्या, तिच्यात ते नसतंच.

असं नाही. द्राक्षरस आंबताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं. नैसर्गिक वाइन करणारे वरून घालत नाहीत किंवा अगदी कमी घालतात, फरक तेवढाच. युरोपात ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या व्हाइटला लिटरमागे 200 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, रेडला 150. केशरी सुक्या जर्दाळूला तर किलोमागे 2000 चालतं, पण जर्दाळूने डोकं दुखल्याची तक्रार कुणी करत नाही. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटचा खरोखर त्रास होतो, त्यांनी जपावंच. बाकीच्यांनी आधी अल्कोहोल किती घेतलं आणि पाणी किती प्यायलो ते बघावं.

तुलना करायचीच तर चवीची करा. नाशिकची साधी शेनिन ब्लाँ (त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट) आणि एखादी नैसर्गिक व्हाइट, दोन्ही सारख्याच थंड, 10 अंशांच्या आसपास. बाटल्या कागदात गुंडाळा, नाहीतर किंमतच चव ठरवते. शेनिन बहुधा नितळ, फळांच्या वासाची. नैसर्गिक वाइन अनेकदा गढूळ, आंबूस, कधी चक्क व्हिनेगरकडे झुकलेली. तळलेल्या विसवणाबरोबर, म्हणजे सुरमईबरोबर, मला तो आंबूसपणा फार आवडतो. पण सल्फाइट कमी म्हणजे टिकाऊपणाही कमी. आपल्याकडच्या उकाड्यात फळीवर उभी असलेली बाटली घेऊ नका, दुकानदाराकडे फ्रिजमधली मागा आणि उघडली की लवकर संपवा.