समाजकार्य शिक्षणातील मानवी हक्क : आंतरव्यावसायिक अध्यापन

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी कायदा, वैद्यक, परिचर्या, मानसशास्त्र इ. व्यवसायांच्या विद्यार्थ्यांबरोबर एकच प्रकरण हाताळत मानवी हक्क शिकण्याची पद्धती. तिला ‘आंतरविद्याशाखीय’ असेही म्हटले जाते. पण तो शब्द ज्ञानशाखांच्या मिलाफाचा वाचक आहे. येथे परवाना, आचारसंहिता व उत्तरदायित्व असलेले व्यवसाय एकत्र येतात, म्हणून ‘आंतरव्यावसायिक’ हाच शब्द नेमका. निरनिराळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एका वर्गात बसून एकच व्याख्यान ऐकणे एवढ्याने शिक्षण आंतरव्यावसायिक ठरत नाही. ‘परस्परांसोबत, परस्परांकडून आणि परस्परांविषयी’ शिकणे ही या पद्धतीची खूण ब्रिटनमध्ये १९८७ साली स्थापन झालेल्या ‘केप’ (CAIPE) या आंतरव्यावसायिक शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेने रूढ केली; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या कृती-आराखड्यातही तीच आहे.

उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार मानवी हक्कांची भूमिका समाजकार्यात प्रारंभापासूनच होती. शिकागोत १८८९ साली जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार यांनी सुरू केलेल्या हल हाउस या गरीब वस्तीतील सेवाकेंद्राचे उदाहरण त्यासाठी दिले जाते. कारखाना-निरीक्षक व पुढे कायद्याची पदवी घेतलेल्या फ्लॉरेन्स केली आणि डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन तेथे राहून काम करीत. हे मत मान्य केल्यास हक्क व आंतरव्यावसायिकता ही दोन्ही सूत्रे अभ्यासक्रमाच्या फार आधीची ठरतात. दुसरे मत असे की, त्या काळी भाषा मुख्यतः ‘गरजे’ची होती, ‘हक्का’ची भाषा १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यानंतर सावकाश रुजली. कार्यपरंपरा म्हणून पहिले मत डावलता येत नाही; मात्र शिकवण्याचा विषय म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क केंद्राने समाजकार्याच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांसह काढलेली समाजकार्य विद्यालयांसाठीची पुस्तिका हा अधिक भक्कम आधार होय. तिचे वर्ष सामान्यतः १९९४ दिले जाते. आधीची आवृत्ती १९९२ ची असल्याने दोन्ही साले आढळतात. समाजकार्याच्या २००० व २०१४ च्या जागतिक व्याख्यांत मानवी हक्कांना मूलभूत स्थान मिळाले.

संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मानवी हक्क शिक्षणविषयक जाहीरनाम्यात हक्कांविषयी, हक्कांच्या मार्गाने (म्हणजे शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या हक्कांचा मान राखून) आणि हक्कांसाठी शिक्षण असे तीन पैलू सांगितले आहेत. व्याख्यानाने पहिलाच साधतो. उरलेल्या दोहोंसाठी व्यवसायांची कर्तव्ये जिथे एकमेकांना छेद देतात ती जागा विद्यार्थ्यांसमोर आणावी लागते, आणि अशी सर्वांत बोलकी जागा गोपनीयतेची आहे.

एक मूल घरात मार बसल्याचे सांगते आणि ‘कोणाला सांगू नका’ म्हणते. अनेक देशांत समाजकार्यकर्त्यावर अशी बाब कळवण्याचे वैधानिक बंधन असते. डॉक्टरला जखमांची नोंद करावी लागते आणि कळवण्याचे बंधन बहुधा त्याच्यावरही असते. वकिलाला मात्र अशिलाचे म्हणणे, काही अपवाद वगळता, उघड करता येत नाही. तिघांच्या लेखी ते मूल अनुक्रमे सेवार्थी, रुग्ण आणि अशील. नाव बदलले की कर्तव्यही बदलते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे (१९८९) अनुच्छेद ३ व १२, म्हणजे बालकाचे सर्वोत्तम हित आणि त्याचे मत ऐकले जाण्याचा हक्क, येथे प्रत्यक्ष एकमेकांसमोर उभे राहतात. वकिलाच्या चमूतील समाजकार्यकर्त्याला वकिली गोपनीयतेचे संरक्षण मिळते की कळवण्याचे बंधन कायम राहते, हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असते. म्हणून काही संयुक्त विधी-चिकित्सालयांत (विद्यार्थी जेथे देखरेखीखाली कायदेविषयक मदत देतात अशा केंद्रांत) समाजकार्याची व वकिलीची कागदपत्रे वेगळी ठेवतात. कोण काय गुप्त ठेवू शकेल हे व्यक्तीला पहिल्या भेटीतच, तिने काही सांगण्यापूर्वी, सांगणे हा अधिक प्रामाणिक मार्ग होय. त्याचा सराव वर्गातच व्हावा. क्षेत्रकार्यात तो शिकेपर्यंत कोणाचा तरी विश्वास मोडलेला असतो.

छळाच्या चौकशीविषयीचा इस्तंबूल प्रोटोकॉल (१९९९, सुधारित २०२२) हेही उपयुक्त अध्यापनसाहित्य आहे. त्यात वैद्यकीय, मानसशास्त्रीय व कायदेविषयक नोंदी एकाच प्रक्रियेत गुंफल्या आहेत, आणि पीडिताची सूचित (सर्व माहिती समजून घेऊन दिलेली) संमती त्या प्रक्रियेच्या केंद्रस्थानी आहे.

चमूतील दर्जाभेद ही या पद्धतीची जुनी अडचण. डॉक्टर वा वकील होऊ घातलेल्याचा शब्द आपोआप वजनदार ठरतो आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्याकडे ‘कुटुंबाची माहिती गोळा करणे’ एवढेच उरते. त्यामुळे प्रकरणाचे सूत्रसंचालन आळीपाळीने देतात. मूल्यमापन बहुधा चिंतननोंदी व वृत्तिमापन (विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन मोजणे) यांवर होते.