फार्मासिस्ट रजिस्ट्रेशन कसं करायचं: पात्रता, कागदपत्रं आणि ॲडमिशनच्या आधीच बघायच्या गोष्टी

डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) किंवा बी.फार्मचा (फार्मसीची डिग्री) रिझल्ट लागला की आपण फार्मासिस्ट झालो असं बऱ्याच मुलांना वाटतं, पण तसं नाहीये. फार्मसी ॲक्ट १९४८ च्या कलम ४२ नुसार राज्याच्या फार्मसी कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव चढल्याशिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध द्यायचा अधिकार मिळत नाही, डॉक्टर स्वतःच्या पेशंटला औषध देतात तेवढा अपवाद. आणि हे नाव चढणार की नाही ते बरंचसं तुम्ही कुठल्या कॉलेजात ॲडमिशन घेतली तिथेच ठरलेलं असतं, म्हणून ही माहिती बारावीच्या मुलांनी आणि पालकांनी आधी वाचावी असं मला मनापासून वाटतं.

आधी कोण काय बघतं ते क्लिअर करून घ्या कारण इथे सगळ्यांची गल्लत होते. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे पीसीआय, १९४९ साली स्थापन झालेली, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. अभ्यासक्रम काय असावा, कॉलेजला मान्यता द्यायची का, हे ती ठरवते. रजिस्टर मात्र राज्याची कौन्सिल ठेवते, आपल्याकडे महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल, त्यामुळे तुमचा अर्ज तिकडे जातो, दिल्लीला नाही. आणि मेडिकल दुकानाचं लायसन्स हा तिसराच विषय, ते औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० खाली एफडीए म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं.

आता ॲडमिशन. बारावी सायन्स, फिजिक्स आणि केमिस्ट्री पाहिजेच, सोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स. डी.फार्म २ वर्षांचं, बी.फार्म ४ वर्षांचं आणि त्यासाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, फार्म.डी (डॉक्टर ऑफ फार्मसी) ६ वर्षांचं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. कॉलेजला पीसीआयची कलम १२ खालची मान्यता आहे का हे स्वतः पीसीआयच्या साइटवर जाऊन बघा, त्याच कोर्ससाठी आणि त्याच वर्षासाठी आहे का, सीट किती मंजूर आहेत तेही बघा, आणि ते पान प्रिंट करून ठेवा. "मान्यता प्रोसेसमध्ये आहे" असं कोणी सांगितलं तर तिथे फी भरू नका, मान्यता नाही मिळाली तर तो डिप्लोमा रजिस्ट्रेशनला चालत नाही आणि मुलांची दोन-चार वर्षं वाया जातात. आधी फार्मसी कॉलेजांवर अधिकार एआयसीटीईचा (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) की पीसीआयचा असा वाद होता, पण मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने फार्मसी शिक्षणात पीसीआयचाच अधिकार असं स्पष्ट केलंय, ती केससुद्धा विदर्भातल्या एका संस्थेची होती.

डी.फार्मवाल्यांना लेखी परीक्षेनंतर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग असतं, कमीत कमी ३ महिन्यांत पसरलेलं, आणि त्यातले किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवर औषध देण्यात गेले पाहिजेत. ट्रेनिंग रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या हाताखालीच करायचं, फॉर्म कॉलेजकडून आधी घ्यायचा आणि सही-शिक्के वेळच्या वेळी घ्यायचे. काही जण फक्त सही आणतात, दुकानात उभेच राहत नाहीत. असं करू नका हो, डोस वाचायला, सारख्या नावाची दोन औषधं ओळखायला इथेच शिकायला मिळतं.

डी.फार्मला आता एक्झिट एक्झाम, म्हणजे डिप्लोमानंतर रजिस्ट्रेशनच्या आधी द्यायची परीक्षा, पण आलीय, पहिली ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. ३ पेपर, प्रत्येकात ५० टक्के, तिन्ही एकाच प्रयत्नात पास व्हायला लागतात, प्रयत्न कितीही करता येतात. तुमच्या बॅचला लागू आहे का ते पीसीआयच्या परिपत्रकात बघून घ्या. बी.फार्मला ही परीक्षा नाही.

रजिस्ट्रेशनसाठी वय १८ पूर्ण पाहिजे आणि तुम्ही महाराष्ट्रात राहता किंवा इथे काम करता याचा पुरावा पाहिजे. अर्ज कौन्सिलच्या साइटवर ऑनलाइन भरायचा. कागदपत्रं साधारण अशी तयार ठेवा: दहावी-बारावीच्या मार्कशीट, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, फार्मसीच्या सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, डिप्लोमा किंवा डिग्री सर्टिफिकेट, डी.फार्म असेल तर ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि लागू असेल तर एक्झिट एक्झामचं, आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो, सही. ओरिजिनल स्कॅन करा, झेरॉक्सचा फोटो काढून टाकू नका.

सगळ्यात जास्त लक्ष नावाकडे द्या. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं पूर्ण नाव तर कुठे नुसतं अक्षर, यातनं त्रुटी निघते आणि अर्ज अडकून बसतो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेट जोडा. आधारमधली दुरुस्ती अर्ज भरायच्या आधीच करून घेतलेली बरी.

नंबर मिळाला म्हणजे संपलं असं नाही, रिन्युअल असतं आणि मुदतीत फी भरली नाही तर रजिस्टरमधून नाव काढू शकतात, मग परत चढवायचा वेगळा अर्ज. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ प्रमाणे ५ वर्षांत २ रिफ्रेशर कोर्स पण करायला लागतात. दुकानात सर्टिफिकेट दिसेल असं लावायचं, पांढरा कोट आणि त्यावर नाव व रजिस्ट्रेशन नंबरचा बॅज पाहिजे.

दुसऱ्या राज्यात जाताय तर इथल्या कौन्सिलकडून एनओसी (ना-हरकत पत्र) घेऊन तिथे नाव नोंदवा.

आणि एक कळकळीने सांगते, सर्टिफिकेट भाड्याने देऊ नका. महिन्याला थोडे पैसे मिळतात खरं, पण काउंटरवर दुसराच कोणीतरी औषध देतो आणि चुकीची गोळी एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात जाते. एफडीएच्या तपासणीत फार्मासिस्ट हजर नसेल तर दुकानाच्या लायसन्सवर कारवाई होतेच, शिवाय कौन्सिल कलम ३६ खाली तुमचं नाव रजिस्टरमधून काढू शकते. आधीच असं कुठे दिलं असेल तर राजीनामा लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि एफडीएलाही लगेच कळवा, नाहीतर त्यांच्या रेकॉर्डला त्या दुकानावर तुमचंच नाव चालू राहील.